खळ्यावरच्या यंत्रांत रमलेलं पोरगं आणि छातीच्या आतला नकाशा

सीटी स्कॅनचे जनक सर गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड यांची जीवनकथा

खोकला महिनाभर थांबत नाही म्हणून एक्स-रे काढला, त्यात डाग दिसला आणि डॉक्टरांनी सीटी स्कॅन लिहून दिला, की घरात दोन प्रश्न एकदम उभे राहतात. पैसे किती लागणार आणि डाग कसला असणार. क्षयाचा, जुन्या न्यूमोनियाचा, की गाठीचा? साध्या एक्स-रेवर हे तिन्ही कधी कधी एकसारखेच पांढरे दिसतात. आपल्याकडं क्षयाचे रुग्ण जास्त. त्यामुळं फुप्फुसातली गाठ सुरुवातीला क्षय समजली जाते, गोळ्या सुरू होतात, त्यात महिने निघून जातात आणि तेवढ्यात गाठ हातपाय पसरते.

तो डाग नेमका कुठं आहे, केवढा आहे, कशाला चिकटलाय आणि छाती न फाडता तिथवर पोचायचं तर कुठल्या वाटेनं, हे आज डॉक्टर आधीच पाहून घेऊ शकतात. ज्या यंत्रामुळं हे शक्य झालं ते कुणा डॉक्टरानं बनवलेलं नाही. ते बनवलं इंग्लंडमधल्या एका शेतकऱ्याच्या पोरानं, आणि त्याच्याकडं विद्यापीठाची पदवीसुद्धा नव्हती.

शेत हेच मैदान

गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड यांचा जन्म २८ ऑगस्ट १९१९ चा. गाव इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यात, न्यूअर्क या पेठेच्या गावाजवळ. पहिलं महायुद्ध संपल्यावर वडिलांनी छोटीशी शेती विकत घेतली होती. दोन भाऊ, दोन बहिणी आणि गॉडफ्रे सगळ्यांत धाकटा. वस्ती एकाकी. मोठी भावंडं आपापल्या नादात, त्यामुळं धाकट्याला करमणूक स्वतःच शोधावी लागायची. ती त्यानं यंत्रांत शोधली.

त्या काळातही त्यांच्या शेतावर मळणीयंत्र होतं, कापणी करून पेंढ्या बांधणारं यंत्र होतं, वीज तयार करणारा जनरेटर होता. हंगामात यंत्र चालू झालं की गॉडफ्रे तिथून हलायचा नाही. कुठला पट्टा कुठल्या चाकाला फिरवतो, दाणा कुठून पडतो, भुसा कुठून उडतो हे बघत बसायचा. बघून भागलं नाही की स्वतः करून पाहायचा. अकराव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत त्यानं केलेले उद्योग ऐकले तर आजच्या आईबापांना घाम फुटेल. विजेवर चालणारी आवाज टिपायची यंत्रं त्यानं बनवली. लाकूड-कापडाचं ग्लायडर बनवलं आणि गवताच्या गंजीवर चढून त्यासकट खाली उडी घेतली. डांबराच्या रिकाम्या पिंपात पाणी भरून ॲसिटिलीन वायू पेटवला, पिंप किती उंच उडतं ते बघायला. त्यात एकदा जीवच जायचा, थोडक्यात वाचला.

शाळा मात्र जेमतेम. न्यूअर्कच्या मॅग्नस ग्रामर स्कूलमध्ये त्याला घातलं होतं. गणित आणि पदार्थविज्ञान सोडलं तर कशातच मन लागलं नाही. गुणपत्रिकेवर माणूस जोखायचा असता तर हा पोरगा तिथंच निकालात निघाला असता.

१९३९ ला दुसरं महायुद्ध सुरू झालं. विमानांची आवड होतीच, त्यामुळं तो हवाई दलात स्वयंसेवक म्हणून दाखल झाला. तिथं रेडिओ मेकॅनिकची पुस्तकं हाताला लागली. ती त्यानं इतकी पक्की वाचली की परीक्षा दिल्यावर त्याला मेकॅनिक म्हणून न घेता रडार शिकवणारा निदेशक म्हणूनच घेतलं. पुढं क्रॅनवेलच्या रडार शाळेत तो शिकवायला होता. पोरांना समजावं म्हणून त्यानं मोठ्या पडद्याचा ऑसिलोस्कोप स्वतः तयार केला. ते काम एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नजरेत भरलं. युद्ध संपल्यावर त्याच अधिकाऱ्याच्या खटपटीनं शिष्यवृत्ती मिळाली आणि लंडनच्या फॅरडे हाऊस या विद्युत अभियांत्रिकीच्या कॉलेजात गॉडफ्रेनं पदविका घेतली. औपचारिक शिक्षण तेवढंच.

गाण्याच्या तबकड्या विकणारी कंपनी

नोकरी लागली ती ईएमआय या कंपनीत, लंडनच्या पश्चिमेला हेज इथं. ईएमआय म्हटलं की जुन्या लोकांना गाण्याच्या तबकड्या आठवतील. बीटल्सची गाणी याच कंपनीनं काढली. पण कंपनीचा दुसरा धंदा इलेक्ट्रॉनिक्सचा होता. हाऊन्सफिल्ड यांनी तिथं रडारवर काम केलं, मग कॉम्प्युटरकडं वळले. १९५८ च्या सुमारास त्यांच्या हाताखालच्या गटानं एमिडेक ११०० हा कॉम्प्युटर उभा केला. ब्रिटनमध्ये पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारे जे पहिले कॉम्प्युटर, त्यांत तो गणला जातो.

पुढचं काम फसलं. कॉम्प्युटरची माहिती साठवायची नवी पद्धत ते बसवत होते, पण ती बाजारात चालणार नाही असं दिसल्यावर कंपनीनं काम बंद केलं. इथं कंपनीच्या साहेबांना मानलं पाहिजे. त्यांनी हाऊन्सफिल्ड यांना घरी बसवलं नाही, की दुसऱ्या खात्यात कोंबलं नाही. निवांत बसा आणि पुढं काय करता येईल याचा विचार करा, अशी मोकळीक दिली. सालदाराला वर्षभर नुसतं बांधावर फिरून विचार करायला कोण सांगेल?

हाऊन्सफिल्ड खरंच फिरायचे. डोंगरात, रानावनात लांबवर पायी चालणं हा त्यांचा आयुष्यभराचा छंद. अशाच भटकंतीत, १९६७ मध्ये, त्यांच्या डोक्यात एक गोष्ट आली. एखादी बंद पेटी आहे. उघडायची नाही. पण तिच्यातून सगळ्या बाजूंनी किरण आरपार सोडले आणि पलीकडं किती किरण पोचले ते दर वेळी मोजून ठेवलं, तर आत काय कुठं ठेवलंय ते सांगता येईल की नाही?

उसाच्या फडाचं उदाहरण घ्या. फडात रानडुक्कर शिरलंय. एका बाजूला उभं राहून पाहिलं तर उसामागं ऊस, काहीच कळत नाही. साधा एक्स-रे म्हणजे हे असं एका बाजूनं पाहणं. बरगडी, हृदय, रक्तवाहिन्या, गाठ, सगळ्यांच्या सावल्या एकमेकांवर पडतात. पण बांधावरून फडाला पूर्ण चक्कर मारली आणि प्रत्येक सरीतून आत डोकावलं, तर कुठल्या सरीला नजर अडते ते चारी बाजूंनी जुळवून जनावराची जागा पक्की सांगता येते.

आकड्यांचं गणितही तसंच आहे. चार खणांचा बंद डबा समजा, वर दोन खण, खाली दोन. प्रत्येकात काही गोट्या. वरच्या ओळीची बेरीज ८, खालच्या ओळीची ८. डाव्या उभ्या रांगेची ५, उजवीची ११. एवढ्यावर उत्तर मिळत नाही. पण वरचा डावा आणि खालचा उजवा, अशी तिरपी बेरीज ९ आहे असं कळलं की झालं. वर ३ आणि ५, खाली २ आणि ६. डबा न उघडता. हाऊन्सफिल्ड यांना हेच करायचं होतं, फक्त खण चार नव्हते, हजारो होते. त्यामुळं कॉम्प्युटर लागणार होता आणि तो त्यांच्या रोजच्या हातातला होता.

लेथवरचं पहिलं यंत्र

पहिलं यंत्र पाहिलं असतं तर कुणी त्याला दवाखान्यात ठेवू दिलं नसतं. जुन्या लेथ मशीनचा सांगाडा, ट्रॅक्टरच्या दुरुस्तीच्या दुकानात असतो तसा. त्यावर मोजायची वस्तू बसवायची, एका बाजूला गॅमा किरण सोडणारं अमेरिसियम, दुसऱ्या बाजूला किरण मोजणारं साधन. वस्तू एक अंश फिरवायची, १६० वेळा मोजायचं, पुन्हा एक अंश. असे १८० अंश. म्हणजे २८ हजारांवर मोजमापं. किरण इतके कमजोर की एका चित्राची मोजमापं घ्यायला ९ दिवस लागले. नंतर मोठ्या कॉम्प्युटरवर अडीच तास हिशेब. मग गॅमाच्या जागी एक्स-रेची नळी बसवली आणि ९ दिवसांचे ९ तास झाले.

डॉक्टरांना पटवणं त्याहून अवघड गेलं. अभियंता माणूस, बोलायला संकोची, मध्येच विचारात हरवणारा. काहींनी त्यांना चक्रम समजून वाटेला लावलं. शेवटी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलातले क्ष-किरणतज्ज्ञ जेम्स ॲम्ब्रोज यांनी त्यांना रसायनात ठेवलेला मेंदूचा नमुना दिला. त्याचं चित्र पाहून ॲम्ब्रोज चपापले. मेंदूतला करडा भाग आणि पांढरा भाग वेगळा दिसत होता, जो आजवर कुठल्याच एक्स-रेनं दाखवला नव्हता. पण हाऊन्सफिल्ड यांना शंका आली. रसायनामुळं तर फरक उठून दिसत नाही ना? मग कत्तलखान्यातून बैलांचे ताजे मेंदू आणले. पिशवीत घालून लंडनच्या गर्दीतून ते स्वतः ते घेऊन यायचे असं सांगतात. ताज्या मेंदूत फरक कमी होता, पण होता. म्हणजे जिवंत माणसातही दिसणार.

१ ऑक्टोबर १९७१ ला पहिली रुग्ण यंत्रात गेली. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असावी असा संशय असलेली एक महिला. डोकं पाण्याच्या पेटीला लावलेल्या रबरी टोपीत घालायचं आणि हलायचं नाही. मोजमापं टेपवर भरली, टेप लंडनच्या दुसऱ्या टोकाला कंपनीच्या कॉम्प्युटरकडं पाठवली. चित्र आलं, ८० आडवे आणि ८० उभे अशा ठिपक्यांचं. आजच्या मोबाइलच्या फोटोपुढं ते अगदीच जाडंभरडं. पण त्यात गोल, काळसर, पाण्यानं भरलेली गाठ स्पष्ट होती. शस्त्रक्रिया झाली तेव्हा गाठ चित्रातल्या जागीच निघाली. हाऊन्सफिल्ड आणि ॲम्ब्रोज, दोघंही गंभीर स्वभावाचे, त्या दिवशी गोल मारलेल्या खेळाडूंसारखे उड्या मारत होते.

याचं मोल कळायला आधीची पद्धत माहीत हवी. मेंदूतली गाठ शोधायला तेव्हा पाठीच्या कण्यात सुई घालून हवा भरायचे. ती हवा मेंदूत चढली की एक्स-रे काढायचा. रुग्णाचं डोकं दिवसेंदिवस ठणकायचं, ओकाऱ्या व्हायच्या. सीटी स्कॅन आला आणि हा छळ थोड्याच वर्षांत इतिहासजमा झाला. १९७२ मध्ये यंत्र जगासमोर आलं तेव्हा डॉक्टरांची रांग लागली.

बीटल्सच्या गाण्यांच्या पैशावर सीटी स्कॅन तयार झाला अशी गोष्ट फार सांगितली जाते. गोष्ट गोड आहे, पण अर्धीच. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य खात्यानंही यंत्रासाठी मोठा पैसा घातला होता, हे सांगायचं राहून जातं.

डोकं स्थिर, छाती हलती

डोकं एका जागी धरता येतं. छातीचं तसं नाही. माणूस श्वास घेतो, फुप्फुस फुगतं, खाली बसतं, गाठ वर-खाली सरकते. साडेचार-पाच मिनिटांच्या स्कॅनमध्ये चित्र पुसट होणार हे उघड होतं. म्हणून संपूर्ण शरीराचं यंत्र बनवताना वेळ कमी करणं हीच लढाई होती. १९७५ पर्यंत हाऊन्सफिल्ड यांच्या गटानं एक चित्र सुमारे २० सेकंदांत घेणारं यंत्र केलं. रुग्णानं तेवढा वेळ श्वास रोखायचा. सुरुवातीच्या चाचण्यांत यंत्रात झोपायला ते स्वतःच गेले होते. पुढं १९८० च्या दशकाच्या शेवटी गोल गोल फिरत सलग मोजणारी यंत्रं आली आणि आता अख्खी छाती एका श्वासात होते.

त्यांच्या चित्राची खरी ताकद मात्र चित्रात नाही, आकड्यात आहे. शरीराच्या प्रत्येक बारक्या खणाला यंत्र एक आकडा देतं. पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, कठीण हाडाला अधिक १००० च्या आसपास. या आकड्याला जगभर हाऊन्सफिल्ड एकक म्हणतात आणि सीटीच्या रिपोर्टात एचयू लिहिलेलं असतं ते हेच. फुप्फुसात बहुतेक हवाच असल्यानं त्याचा आकडा उणे ७००-८०० च्या घरात असतो. मांसल गाठ मात्र शून्याच्या वर, ३०-४० अशी. कापसाच्या गाठोड्यात चिंचोका सापडावा तशी ती उठून दिसते. जुना, बरा झालेला क्षयाचा डाग पुष्कळदा चुना धरून बसतो, त्याचा आकडा याहून खूप वर जातो. एक्स-रेवर सारख्या दिसणाऱ्या दोन पांढऱ्या ठिपक्यांत फरक करायला हा आकडा मदत करतो.

पण निकाल आकडा देत नाही. गाठ कर्करोगाची आहे की नाही हे तिचा तुकडा काढून तपासल्याशिवाय ठरत नाही. आणि तुकडा काढायला तिथवर पोचावं लागतं. हाऊन्सफिल्ड यांच्या नकाशाचा सगळ्यांत मोठा उपयोग इथं झाला.

पोचायच्या वाटा दोन. एक छातीच्या बाहेरून, बरगड्यांच्या फटीतून सुई घालून. सीटीवर सुई कुठवर गेली ते पाहत पाहत डॉक्टर गाठ गाठतात. १९७० च्या दशकापासूनच हे सुरू झालं. यात धोका हा की सुईच्या छिद्रातून हवा गळून फुप्फुस चिमटतं, आणि काही रुग्णांना नळी घालून ती हवा काढावी लागते.

दुसरी वाट तोंडातून, श्वासनलिकेच्या आतून. आतलं दाखवणारी लवचिक नळी, ब्रॉन्कोस्कोप, १९६० च्या दशकात जपानच्या शिगेतो इकेडा यांनी आणली. अडचण अशी की श्वासनलिका म्हणजे धरणाचा कालवाच. मुख्य कालव्याला दोन फाटे, फाट्याला चाऱ्या, चारीला पोटचाऱ्या, असे वीसच्या वर टप्पे. नळी मोठ्या चाऱ्यांपर्यंत जाते, पुढं वाट अरुंद होते. गाठ असते कुठंतरी शेवटच्या पोटचारीच्या कडेला. प्रत्येक फाट्यावर डावीकडं की उजवीकडं हे चुकलं की भलतीकडंच.

आता रुग्णाचा बारीक कापांचा सीटी आधी काढतात. कॉम्प्युटर त्यातून श्वासनलिकांचं अख्खं झाड उभं करतो आणि गाठीपर्यंतची वाट आखतो. रुग्ण टेबलावर झोपला की त्याच्याभोवती सौम्य चुंबकीय क्षेत्र असतं आणि नळीतल्या बारीक तारेच्या टोकाला संवेदक. टोक कुठं आहे ते नकाशावर सरकत्या ठिपक्यासारखं दिसतं. मोबाइलवर रस्ता बघत गाडी चालवावी तसं. २००४ च्या पुढं ही पद्धत हॉस्पिटलांत येऊ लागली आणि २०१८ पासून अमेरिकेत नळी यंत्रमानवाच्या हातानं सरकवणं सुरू झालं.

एक गफलत होते. नकाशा काढला तेव्हा रुग्णानं पूर्ण श्वास भरून रोखला होता आणि आता तो भूल घेऊन झोपलाय, फुप्फुस थोडं बसलंय. त्यामुळं नकाशावर गाठ जिथं दिसते, प्रत्यक्षात ती थोडी सरकलेली असते. गाठ एक सेंटिमीटरची असेल तर एवढा फरकही पुरतो. म्हणून मोठ्या ठिकाणी टेबलाभोवतीच फिरणारा छोटा सीटी लावतात आणि अवजार गाठीत आहे की शेजारी, हे तिथल्या तिथं पाहतात.

तिथवर पोचलं की तुकडा घेता येतो, शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांसाठी रंग टाकून खूण करता येते, आणि काही रुग्णांत गाठ जागच्या जागी जाळता किंवा गोठवताही येते. जाळायचं काम आजही जास्त करून बाहेरून घातलेल्या सुईनं होतं, तोंडावाटे करण्याचा अनुभव त्या मानानं नवा आहे. हे प्रत्येकासाठी नाही, हेही स्पष्ट असलेलं बरं. लहान, साधारण तीन सेंटिमीटरच्या आतली गाठ आणि वयामुळं किंवा हृदय-दम्यामुळं मोठी शस्त्रक्रिया न झेपणारा रुग्ण, अशांसाठी तो विचार होतो. ज्याला शस्त्रक्रिया झेपते त्याच्यासाठी गाठीसह फुप्फुसाचा तेवढा भाग काढणं हाच अजून पहिला मार्ग आहे.

गाठ लवकर सापडली तरच हे सगळं. अमेरिकेत ५३ हजारांहून जास्त जुन्या धूम्रपान्यांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल २०११ मध्ये आला. दरवर्षी कमी किरणांचा सीटी केलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू साध्या एक्स-रेवाल्यांपेक्षा २० टक्क्यांनी कमी निघाले. म्हणून कुणीही उठून सीटी काढत सुटावं असं नाही. एक्स-रेच्या मानानं सीटीत किरणांचा मारा बराच जास्त असतो, तो गरजेपुरताच बरा.

डॉक्टर नसलेले दोघं

१९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल हाऊन्सफिल्ड यांना मिळालं, ॲलन कॉरमॅक यांच्याबरोबर वाटून. कॉरमॅक मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकवायचे. सगळ्या बाजूंच्या मोजमापांवरून आतलं चित्र काढायचं गणित त्यांनी १९६३ आणि १९६४ मध्येच छापलं होतं. डॉक्टरांपैकी फारसं कुणी ढुंकून पाहिलं नाही. विचारणा आली त्यात एक होती स्वित्झर्लंडच्या हिमकडे कोसळण्याचा अभ्यास करणाऱ्या केंद्राची, बर्फाच्या आतलं बघता येईल का म्हणून! हाऊन्सफिल्ड यांना या कामाची खबरही नव्हती. दोघांनी वेगवेगळ्या देशांत, एकमेकांना न ओळखता एकच विहीर खोदली. वैद्यकशास्त्राचं नोबेल, आणि दोघांपैकी एकही डॉक्टर नाही. पीएचडीही दोघांकडं नव्हती.

१९८१ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. राहणी बदलली नाही. लग्न त्यांनी केलं नव्हतं. स्वतःचं कायमचं घरही उतारवयाकडं झुकल्यावर घेतलं, तोवर कामाच्या जवळ मिळेल तिथं राहायचे. नोबेलच्या पैशाचं काय केलं, तर घरातच प्रयोगशाळा थाटली. पियानो कुणाकडं न शिकता आपलाआपण वाजवायचे. डोंगरातली भटकंती चालू होती. पुढं चुंबकीय क्षेत्रानं शरीराच्या आतलं पाहायच्या तंत्रावर, म्हणजे आज आपण एमआरआय म्हणतो त्यावरही त्यांनी काम केलं.

ईएमआयला मात्र हे यश पचलं नाही. पहिली काही वर्षं बाजार तिचाच होता. मग अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या मोठ्या कंपन्या वेगवान यंत्रं घेऊन उतरल्या. हाऊन्सफिल्ड यांना नोबेल मिळालं त्याच वर्षी ईएमआय दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली आणि स्कॅनरचा धंदाही हातचा गेला.

१२ ऑगस्ट २००४ रोजी, ८५ वा वाढदिवस १६ दिवसांवर असताना, लंडनजवळच्या किंग्स्टन अपॉन टेम्स इथं हाऊन्सफिल्ड यांचं निधन झालं. नऊ दिवस राबून पहिलं चित्र काढणारं ते लेथवरचं यंत्र लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ठेवलेलं आहे.